एकटीनं वाजवणार नाही

घोटावडे
२४ नोव्हेंबर २०२५

रोहित,

दोन्ही कीबोर्ड गेले. पिरंगुटच्या मनीषनं काल दुपारी ते माझ्यासमोर उघडले, आतला भाग टॉर्चनं दाखवला आणि म्हणाला, "ताई, आशा सोडा. हे दुरुस्त होत नसतंय." आत सगळं पिवळंधमक होतं. एका कीबोर्डमधून तर आंब्याचं पान निघालं.

झालं असं की शनिवारी लवळ्याला हळद होती. नवरदेवाच्या भावांना नाचता नाचता सुचलं की वाजवणाऱ्यांनाही हळद लागली पाहिजे. आधी ढोलकीवाल्याला भिजवलं. मग हळदीच्या पाण्याची अख्खी घागर आमच्या स्टँडवर ओतली. वरच्या मजल्यावर सिद्धूचा सिंथ, सनई-बँजोच्या आवाजांचा, खालच्या मजल्यावर माझा कीबोर्ड, पियानोच्या आवाजाचा. वरून झिरपत खाली आलं. पाव्हणे टाळ्या वाजवत होते.

कीबोर्ड पुसूनही झाले नव्हते, तेवढ्यात जयसिंगराव आले. वाजवणारी पार्टी त्यांची, त्यामुळे काळजी वाटली असेल असं मला वाटलं. ते म्हणाले, "बरंच झालं. आता एकच मोठा स्टेज कीबोर्ड घे. पियानो, ऑर्गन, सनई, सिंथ, समदं एकातच येतंय. एकटी वाजव." मी विचारलं, "आणि सिद्धू?" तर म्हणाले, "त्याचं बघू पुढं."

'पुढं बघू' याचा अर्थ तुला माहीत आहे. मागच्या वर्षी बासरीवाल्याचं असंच पुढं बघितलं होतं.

तर रोहित, मला सल्ला हवाय. तुझ्या सूसच्या फ्लॅटमधली एक खोली वाद्यांनी भरलेली आहे आणि तुला एकही वाद्य धड वाजवता येत नाही, पण यंत्रातलं तुला कळतं हे मान्य. एक पियानो आणि एक सिंथ, वेगवेगळे, कुठले घ्यावेत ते लिही. पियानो मी घेणार, सिंथ सिद्धू घेणार. एकच मोठा घ्यावा की दोन घ्यावेत, हे मी विचारत नाहीये. दोनच घ्यायचेत, ते ठरलंय.

पत्र लिहितेय याचं आश्चर्य वाटून घेऊ नकोस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आमच्याकडे फोन आला की तुझे मामा, आमचे दादा, स्पीकर लावायला सांगतात. नथूकाका रोज सकाळी आपलं दूध घेऊन तुमच्या सोसायटीत येतातच. उत्तर रिकाम्या कॅनबरोबर दे.

आत्याला नमस्कार.

गौतमी


सूस
२६ नोव्हेंबर

गौते,

पत्राला दुधाचा वास येतोय. आई म्हणाली, फ्रिजमध्ये ठेव.

निर्णय झालाय असं सांगून सल्ला मागणारी तू पहिलीच. तरी मी दोन रात्री बसून तुलना केली. किंमत जवळपास सारखीच पडते, त्यामुळे तो मुद्दा सोड.

एकच स्टेज कीबोर्ड घेतलास तर एक बॅग, एक वायर, एक स्टँड. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, खऱ्या पियानोसारख्या वजनदार. डाव्या हाताला पियानो, उजव्या हाताला सनई, असं एकाच वेळी वाटून देता येतं. प्रत्येक गाण्याचे आवाज आधीच साठवून ठेवायचे आणि मांडवात नुसतं बटण दाबायचं. दोन वाद्यांत दोन वायरी, दोन वीजजोडण्या, आणि गावाकडच्या मांडवात एक जोडणी मिळाली तरी नशीब. शिवाय दोन माणसं, म्हणजे दोघांच्या तारखा जुळवा, दोघांची चहापाण्याची सोय बघा. एवढा साधा हिशेब तुला कळत नाही असं नाही.

म्हणून विचारतो, रागावू नकोस. सिद्धू चांगला मुलगा आहे, पण तो तुझा मदतनीस आहे गं. पोस्टरवर फोटो तुझा असतो. लोक तुझं नाव घेऊन पार्टी ठरवतात. त्याच्यासाठी तू एवढी भांडतेस, यात दुसरं काही आहे का? असेल तर मला सांग, मामांना मी सांभाळून घेईन.

नसेल तर माझं ऐक. एकदा वाजवून बघ. ४ तारखेला मुठा गावातली हळद आहे ना, तेव्हा वापरायला मी बाणेरच्या दुकानातून एक भाड्यानं आणून देतो. आवडला नाही तर परत. मांडवात एकटी बसून तर बघ, राणीसारखी दिसशील.

मामा-मामींना नमस्कार.

रोहित


घोटावडे
२८ नोव्हेंबर

रोहित,

तुझं पत्र मी अनुष्काला वाचून दाखवलं. अनुष्का म्हणजे सिद्धूची बायको. पाच वर्षं झाली लग्नाला. तिच्या हळदीत मीच वाजवलं होतं. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "न्यायचा असंल तर घिऊन जा बाई, पर संगट बकऱ्याबी न्याव्या लागत्याल." आता तुझा हा प्रश्न संपला असं समजते.

वजनदार पट्ट्यांचं तू कौतुकानं लिहिलंस. पियानोला त्या हव्यातच. पण सनई आणि बँजोचे तुकडे हलक्या पट्ट्यांवरच पळतात. वजनदार पट्ट्यांवर चार तास बँजो वाजवणं म्हणजे गाळात पळणं. तुझ्या तुलनेत बोटांचा रकाना नव्हता.

आणि 'मदतनीस' हा शब्द पुन्हा लिहू नकोस. तो तुला कुणी शिकवला ते मला माहीत आहे, कारण जयसिंगरावही तोच वापरतात.

दुसरं. ४ तारखेच्या मुठ्याच्या हळदीबद्दल मी तुला काही लिहिलं नव्हतं. तुला कुठून कळलं?

सिद्धूला मी म्हटलं, जयसिंगरावांशी जाऊन बोल. तो मुठ्याच्या रस्त्यानं बकऱ्या घेऊन चालला होता. थांबलासुद्धा नाही. "मी कशाला बोलू? त्यांनी मला सांगितलंय, ह्या टायमाला येऊ नगं. न्हाई जाणार."

"आणि मग?"

"मग काय? बकऱ्या हायेत की. त्या म्हनत न्हाईत, एकच मोठी बकरी घ्या म्हणून."

हसत होता. मला त्या हसण्याचाच राग आला. सहा वर्षं माझ्या शेजारी बसलेला माणूस असा सहज उठून जातो आणि वर मलाच विनोद सांगतो.

भाड्याचा कीबोर्ड आण. माझ्याकडे दुसरं वाद्य नाही, आणि मुठ्याच्या माणसांनी आमची तारीख सहा महिने आधी धरलेली आहे, त्यांचा खोळंबा मी करणार नाही. पण नीट ऐकून ठेव. मला जमणार नाही म्हणून मी नको म्हणतेय असं समजू नकोस. जमलं तरी घेणार नाही.

गौतमी


सूस
१ डिसेंबर

गौते,

तारखेचं आईकडून कळलं असेल. एवढं काय त्यात.

कीबोर्ड नथूकाकांच्या टेम्पोत नीट बांधून पाठवलाय. राजनंदिनी मांडवात गाते त्या बत्तीस गाण्यांचे आवाज मी त्यात क्रमानं साठवलेत. ती कुठलं गाणं कुठल्या पट्टीत गाते तेही टाकलंय. कागद सोबत आहे. एक नंबरला सनई आणि पियानो, दोन नंबरला ऑर्गन, असं शेवटपर्यंत. तुला फक्त नंबर दाबायचाय. पट्टी आपोआप बदलते. विचार करायला जागाच ठेवलेली नाही.

आवाज ऐकलास तर सिंथबिंथ विसरशील. पैज.

रोहित


घोटावडे
६ डिसेंबर

रोहित,

पैज हरलास. सगळं क्रमानं सांगते, म्हणजे नंतर जयसिंगरावांनी वेगळं सांगितलं तर तुझ्याकडे हे असेल.

४ तारखेला पाच वाजता मुठ्याच्या मांडवात पोचले. कीबोर्ड एवढा जड की टेम्पोतून उतरवायला दोघं लागले. एक बॅग, हे खरं आहे. मी एकटी बसले. माझ्या शेजारी मोकळी जागा होती, तिथं कुणीतरी पाव्हण्यांच्या चपला ठेवल्या.

पहिली चार गाणी तुझ्या कागदाप्रमाणे झाली. खोटं कशाला बोलू, आवाज उत्तम आहे. नंबर दाबला की पट्टी बदलते, सनई येते, पियानो येतो. जयसिंगराव समोर खुर्ची टाकून मान डोलावत होते.

मग नवरीला पाटावर बसवलं. तुला हे माहीत नसेल, कारण तुम्ही हळदीला फोटोपुरते येता. आमच्याकडे पहिली हळद लावताना घरातली सगळ्यात थोरली बाई गाणं म्हणते. नवरीची आजी धोंडाबाई, ऐंशीच्या पुढची. ती तुझ्या कागदावर नव्हती. म्हाताऱ्या बाया पट्टी विचारून गात नाहीत आणि सांगूनही गात नाहीत. पदर खोचला, तळहातावर हळद घेतली आणि सुरू. आता मांडवात वाद्यं असतात म्हणून सगळ्यांची अपेक्षा असते की वाद्यांनी मागोमाग यावं.

धोंडाबाईनं सूर लावला तो काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मधे. दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या. त्यांच्या मधे वाद्यात जागा नसते. माणसाच्या गळ्यात असते.

अशा वेळी आम्ही काय करतो ते मी तुला आजवर सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. मी पियानोवरून हात उचलते आणि गप्प बसते. सिद्धू सिंथवर एकच सूर धरतो, अगदी बारीक, आणि दुसऱ्या हातानं सूर थोडा चढवायची-उतरवायची गोल खुंटी हळूहळू फिरवतो, बाईच्या आवाजात तो सूर मिसळेपर्यंत. दोन ओळींत मिळवतो. मग सनई सुरू करतो, तेव्हा मांडवाला वाटतं आम्ही घरूनच ठरवून आलोय. म्हातारीचा सूर सरकला की हाही सरकतो. गाणं संपलं की पियानो जिथं होता तिथंच असतो, मी माझ्या पट्टीत पुढं जाते. म्हणून दोन वाद्यं. एकानं हलायचं, एकानं जागेवर राहायचं.

तुझ्या कीबोर्डवर ती खुंटी नाही. आहे, पण आत, तिसऱ्या पानावर. बटण दाबा, खाली जा, पुन्हा दाबा, आकडे फिरवा. मी एका हातानं आकडे फिरवतेय आणि दुसऱ्या हातानं सूर शोधतेय. सापडला असं वाटेपर्यंत धोंडाबाई पुढं गेलेली. मी पुन्हा शोधतेय. तीन मिनिटं माझी सनई त्या बाईच्या गाण्यावर माशीसारखी घोंगावत होती. शेवटी तिनं हात थांबवला, हळद भरलेलं बोट माझ्याकडे केलं आणि म्हणाली, "थांबव गं ती पेटी. मला माझंच गानं इसरायला झालंय."

मांडव हसला. जयसिंगराव माईकवरून म्हणाले, "आजी, पोरगी नवीन मशीन शिकतीय."

धोंडाबाई म्हणाली, "मशीनचं नगं सांगू. थोरल्या नातीच्या हळदीला एक काळंसावळं पोरगं हुतं हिच्या शेजारी. त्ये कुटं हाय? त्येला म्हाईत हुतं."

मग ती वाद्याशिवाय गायली. मी मांडीवर हात ठेवून ऐकलं.

पुढं आणखी वाईट झालं. त्या गडबडीत मी फिरवलेले आकडे परत जागेवर आणायचे विसरले. राजनंदिनीचं पुढचं गाणं सुरू झालं आणि बास गिटार एकीकडे, मी दुसरीकडे. पियानो, सनई, ऑर्गन, सगळं मिळून बेसूर. एकातच सगळं असलं की चुकतंही सगळं एकदम. राजनंदिनी पहिल्या ओळीला थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

आता खरं लिहिते. लोक म्हणतात, काय कान आहे पोरीचा. दादा गावभर सांगतात. कान त्याचा आहे, रोहित. मी बोटांची आहे. मला हात आहेत, ठेका आहे, गाण्याचा सुरुवातीचा तुकडा मी असा वाजवते की माणसं खुर्चीतून उठतात. पण कुणी गाऊ लागलं तर ते कुठं गातंय हे मला चटकन सापडत नाही. त्याला सापडतं. लहानपणी बापूसाहेब, म्हणजे त्याचे वडील, ओव्या म्हणायचे आणि हा आठव्या वर्षापासून सूरपेटी धरून त्यांच्या मागं बसायचा. बाप मनाला येईल तिथून सुरू करायचा आणि पोरानं पकडायचं. नाही पकडलं तर पाठीत बुक्की. मला असं कुणी शिकवलं नाही. आणि सहा वर्षं पोस्टरवर माझा एकटीचा फोटो आहे, खाली बारीक अक्षरात 'आणि साथीदार'.

म्हणजे मी त्याच्यावर उपकार करत नाहीये. हे नीट वाच. दोन वाद्यं मला माझ्यासाठी हवीत.

आता खोक्याचं. काल सकाळी नथूकाकांच्या टेम्पोतून एक लांबलचक खोकं उतरलं, आडवं धरलं तर दारातून येईना. वर माझं नाव. भाड्याचा नव्हे, नवाकोरा. दादा ओट्यावर उभे राहून हसत होते, जसं काही माझा साखरपुडाच ठरवून आलेत. म्हणाले, "रोहितनं, जयसिंगरावांनी आन् मी मिळून ठरवलंय. तुला सांगितलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस." बरोबर ओळखलं त्यांनी.

४ तारीख तुला कुठून कळली तेही आता कळलं.

खोकं उघडलेलं नाही. दुधाच्या कॅनांच्या शेजारी दोरीनं बांधून दिलंय, या पत्राबरोबरच येतंय. भाड्याचा कीबोर्डही सोबतच आहे. नथूकाका म्हणाले, "पोरी, दूध सांडलं तर?" मी म्हटलं, "सांडू द्या."

गौतमी


सूस
७ डिसेंबर

गौतमी,

खोकं मिळालं. दूध सांडलं नाही. नथूकाकांनी गेटवर सगळ्यांदेखत विचारलं, "लग्न मोडलं काय?" वॉचमन अजून विचारतोय.

कबूल करतो. जयसिंगरावांचा मला पंचवीस तारखेलाच फोन आला होता, तुझ्या पहिल्या पत्राचं उत्तर लिहायच्या आधी. म्हणाले, गौतमी कष्टाळू आहे पण भिडस्त आहे, त्या पोराला नाही म्हणता येत नाही तिला, तुम्ही शिकलेली माणसं, जरा समजवा. मला ते पटलं. मामांनाही मीच पटवलं. आपण तिची सुटका करतोय असं वाटत होतं मला. तू भिडस्त नाहीस हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी कसं पटलं कोण जाणे.

राजनंदिनीनं मुठ्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. ती तीन मिनिटं मी ऐकली. नंतर तुमच्या दोघांच्या मागच्या वर्षीच्या एका हळदीचं ऐकलं. अशीच कुणी म्हातारी गातेय. मला तर कळलंही नाही सनई कधी सुरू झाली ते. याआधी दहा वेळा ऐकलं असेल, आणि दहा वेळा म्हटलं असेल, वा गौते.

दुकानदार खोकं परत घ्यायला तयार आहे, त्याऐवजी पियानो देईल. सिंथवर ती खुंटी बाहेरच हवी, हे मी आता कागदावर लिहून ठेवलंय. मनीषशी बोललो, त्याच्या ओळखीत एक वापरलेला आहे.

पण एक विचारू दे, आणि याचं उत्तर टाळू नकोस. कान त्याचा आहे हे तुला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मग सहा वर्षं त्या पोस्टरखाली तू गप्प का बसलीस? जयसिंगरावांनी त्याला मदतनीस म्हटलं, मी म्हटलं. पण आम्हाला तसं वाटू कुणी दिलं?

आणि ११ तारखेला तुमच्याच गावात हळद आहे. जयसिंगराव मला म्हणाले, हिनं नखरे केले तर हिंजवडीचा एक कीबोर्डवाला तयार आहे, एकटा सगळं वाजवतो. सांभाळून.

रोहित


घोटावडे
९ डिसेंबर

रोहित,

तुझ्या प्रश्नानं दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. उत्तर सोपं आहे, म्हणूनच लिहायला जड जातंय. मला ते आवडत होतं. पोस्टरवर फोटो, चौकात लोकांनी ओळखणं, दादांचा ताठ झालेला कणा. सिद्धू काही म्हणत नव्हता, म्हणून मी समजले त्याला चालतंय. त्याला चालतंय का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. एवढंच. याला सबब नाही.

म्हणून काल मी पौडला गेले. जयसिंगरावांच्या ऑफिसात राजनंदिनी होती, ढोलकीवाला होता, बासवाला होता. मी सगळ्यांसमोर तेच सांगितलं जे तुला लिहिलं. म्हाताऱ्यांचा सूर मी पकडत नाही, सिद्धू पकडतो. सहा वर्षं तोच पकडतोय. यापुढं दोन वाद्यं आणि पोस्टरवर दोन नावं, सारख्या अक्षरात.

जयसिंगराव आधी हसले. मग म्हणाले, "आगं, लोकं तुला बघाया येत्यात. त्याला कोन बघतंय?"

"त्याला बघत नाहीत, ऐकतात."

"हळदीला कोन ऐकाया येतंय? नाचाया येत्यात."

ढोलकीवाला कधी बोलत नाही. तो खाली बघूनच म्हणाला, "मुठ्याला कोन नाचलं न्हाई, मालक."

मग जयसिंगरावांचा आवाज चढला. म्हणाले, स्वतःच्या तोंडानं स्वतःला कमी करणारी बाई त्यांनी पहिल्यांदा बघितली. मी म्हटलं, कमी करत नाहीये, मोजून सांगतेय. ते म्हणाले, मग ११ तारखेला हिंजवडीवाला बसेल. मी म्हटलं, हळद माझ्या गावात आहे, माझ्या चुलत चुलत्यांच्या दारात, आणि त्यांनी वाजवायला मला सांगितलंय, तुमच्या पार्टीला नाही. बसवून दाखवा.

घरी दादा माझ्याशी बोलत नाहीयेत. काल संध्याकाळी एवढंच म्हणाले, "लोकांनी तुझं नाव घ्यायचं, आन् तू दुसऱ्याचं सांगत सुटलीस." आईनं त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "खरं सांगितलं पोरीनं. जेवा."

सिद्धू भडकला. मला वाटलं होतं तो खूश होईल, पण बकऱ्यांच्या वाड्याजवळ भेटला तेव्हा त्यांना आत घेता घेता म्हणाला, "माझ्याबद्दल सगळ्यांसमोर बोललीस, मला इचारलंस का?" नव्हतं विचारलं. पुन्हा तीच चूक. मी तसं सांगितलं. त्यानं कवाड लावलं. त्याची आई तुकाबाई आतून ओरडली, "च्या निवतोय रं." मग तो म्हणाला, "आता सांगितलंसच तर नीट सांग. सिद्धू ढेबे. आडनावासकट. सहा वर्सं मला वाटायचं, हिला तरी कळत असंल. तुला कळत हुतं आन् तरी गप हुतीस, ह्ये मला जास्त लागलं."

"मग येणार नाहीस?"

"यिनार. तुझ्यासाटी न्हाई. मला वाजवायचंय म्हणून यिनार."

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. पण रोहित, मला इतकं बरं वाटलं की मी तुकाबाईचा निवलेला चहा दोन कप प्यायले.

आता ११ तारखेचं. पियानो उद्या तू स्वतः घेऊन ये, टेम्पोवर सोडू नकोस. सिंथ मनीषनं तपासून ठेवलाय. आज सकाळी सिद्धूनं तो तिथंच वाजवून बघितला. दुकानासमोरून गाढवं हाकत चाललेला एक माणूस शीळ घालत होता, त्याचा सूर यानं तो वळणावर पोचायच्या आत पकडला. माणूस थांबून इकडंतिकडं बघत होता.

जयसिंगरावांनी आज दुपारी साऊंडवाल्याला बजावलंय, कीबोर्डसाठी एकच वायर द्यायची, दुसरी मागितली तर नाही म्हणायचं. हे साऊंडवाल्यानंच मला फोन करून सांगितलं. मनीष त्याचं स्वतःचं छोटं मिक्सर आणि जास्तीच्या वायरी घेऊन येतोय. राजनंदिनीनं सकाळी कळवलंय, आम्ही दोघं बसल्याशिवाय ती माईक हातात घेणार नाही. जयसिंगराव हिंजवडीवाल्याला घेऊन साडेतीनला पोचणार आहेत, म्हणजे आमच्या आधी जागा त्यांना मिळेल. म्हणून आम्ही तीनलाच जाऊन बसणार. त्यांनी मांडववाल्याला असंही सांगितलंय की स्टेजवर वाजवणाऱ्यासाठी एकच खुर्ची टाकायची.

खुर्च्या आम्ही घरूनच नेतोय.

गौतमी